कार्डावर नसलेलं काम

आयर्लंडमधल्या एनिस गावातलं आमचं पहिलं घर एका बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वर होतं. रस्त्यावर एक अरुंद दार, आत शिरलं की सरळ वर चढणारा लाकडी जिना, आणि वर समोरासमोर दोन दारं. डावीकडचं आमचं, उजवीकडचं तिचं. जिन्यात कायम जुन्या चामड्याचा ओलसर वास असायचा. पुढे आम्ही यापेक्षा कितीतरी चांगल्या घरांमध्ये राहिलो, तरी मन रमतं ते त्याच घरात.

नवरा रोज सकाळी बसने शॅननला कामावर जायचा. मी पुण्यातली पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडून त्याच्या परमिटवर आले होते. इथे परदेशी माणसाला एक ओळखपत्र मिळतं, त्याला सगळे नुसतं कार्ड म्हणतात. माझ्या कार्डाचा अर्थ असा होता की मी या देशात राहू शकते, पण काम करू शकत नाही. तेव्हा नियमच तसा होता. त्यामुळे घर आवरून झालं की दुपार अंगावर यायची. फर्गस नदीच्या काठाने फिरून यायचं, वाचनालयात बसायचं, परत येऊन भांडी पुन्हा लावायची. इथे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात हे मला घरमालकाच्या एजंटने सांगितलं होतं. मी ते प्रेस इतक्यांदा आवरलं असेल की डोळे मिटूनसुद्धा वाटी काढता यायची.

एका चतुर्थीला दुपारी दारावर टकटक झाली. दारात समोरची शेजारीण, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले.

"तुझ्याकडे गरम पाणी येतंय? माझं एकदम थंड झालं."

मी तिला आत घेतलं. तिची नजर ओट्यावरच्या भांड्यावर गेली. त्यात साबुदाणा भिजत होता. पाणी विसरून ती पुढे झाली, दोन दाणे चिमटीत धरले आणि ओरडलीच, "तापिओका!"

ती ब्राझीलची. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद तिच्या गावात परसात उगवतो, आणि त्याच्या पिठाचे पांढरे पोळे करून त्यात नारळ घालून खातात, हे तिने मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. खिचडी होईपर्यंत थांबली. मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं तरी ताटली सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिचे पोळे आणून दिले. असं आमचं सुरू झालं.

ती तिशी ओलांडलेली, उंच, मोठ्याने हसणारी. गावी केस कापायचं काम करायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर इंग्रजी शिकण्याच्या व्हिसावर आयर्लंडला आली होती. सकाळी बसने लिमरिकला क्लासला जायची, दुपारी परत. विद्यार्थ्याच्या कार्डावर आठवड्याचे ठरावीक तास काम करायला परवानगी असते. तेवढ्या तासांत ती आधी एका हॉटेलात खोल्या साफ करायची. आता काय करते ते मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

मग एकदा भलताच माणूस आमच्या दारात उभा राहिला. साठीचा, टोपी हातात धरलेला, चांगला कोट घातलेला. मला बघून गोंधळला, "सॉरी लव्ह, चुकीचं दार," म्हणाला आणि समोरच्या दारावर टकटक केली. थोड्या वेळाने त्याची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकू आली. मग ती आली. बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी काय काम करते ते तुला सांगायला हवं. तू जिन्यात माणसं बघणार, आणि मग मनात भलतंच काहीतरी धरून बसशील."

तिने सरळ सांगितलं. हॉटेलातला सुपरवायझर कसा वागायचा, पाठ कशी धरायची, आणि तिथून निघून तिने हे कसं सुरू केलं. कोणी तिला आणलं नव्हतं, कोणी बसवलं नव्हतं.

मी एवढंच विचारलं, "हे इथे चालतं?"

ती हसली. "बघ हं. मी हे काम केलं तर तो गुन्हा नाही. पण माझ्याकडे येणारा माणूस पैसे देतो तो गुन्हा. मी एकटी केलं तर ठीक. एका घरात दोघी मिळून केलं की तो कुंटणखाना. आणि घरमालकाला माहीत असून त्याने घर दिलं तर तोही अडकतो."

"आणि तुझं कार्ड?"

"कार्डावर मला कोणाकडे तरी नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. साधा केस कापायचासुद्धा नाही. म्हणजे पोलिसांच्या कायद्यात मी गुन्हेगार नाही, पण इमिग्रेशनच्या कायद्यात मी इथे नसायला हवं."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार होते? चहा पिताना ती म्हणाली, "तुझं तरी बरं आहे, तुला काहीच करायची परवानगी नाही." आणि आम्ही दोघी खूप वेळ हसलो. दोघींना हसण्याइतकं ते खरं होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याला काही त्रास नाही ना? मग तिचं ती बघेल." पुढच्या महिन्यात सासूबाई यवतमाळहून तीन महिन्यांसाठी यायच्या होत्या. "आईला काही सांगू नकोस," एवढं मात्र त्याने बजावलं.

सासूबाई आल्या त्या नऊवारीवर स्वेटर, पायात लोकरीचे मोजे अशा थाटात. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि येत नसल्याचं काही वाटतही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्या जिन्यात भिंत धरून उतरत असताना शेजारणीने त्यांना हात दिला.

"माय व, किती थंड हात हाय तुहा," सासूबाई म्हणाल्या.

ती थबकली. तिच्या भाषेत आईला जवळजवळ हाच शब्द आहे, थोडा नाकात म्हणतात इतकंच. तिने छातीवर हात ठेवून विचारलं, "माँय?"

"माय नाही तं काय," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या दोघींना मी लागेनाशी झाले. पोर्तुगीज लोक आपल्याकडे येऊन काय काय ठेवून गेले ते मी शाळेत शिकले होते, पण त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. बटाटा दोघींचा एकच निघाला. चावी ती थोडी वेगळी म्हणायची, पण कळायची. साबण, पाव, काजू, बादली. दुपारी ती क्लासहून आली की सासूबाई तिला वस्तू दाखवायच्या आणि ती नाव सांगायची. जुळलं की दोघी टाळी द्यायच्या. जुळलं नाही तर सासूबाई तिलाच दोष द्यायच्या, "तुह्या देशात काईच्या काई म्हनते." एवढ्या मूठभर शब्दांवर त्यांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. खिडकीबाहेर पाऊस, आत खोबऱ्याचा वास, आणि त्या दोघींचं हसणं. त्या दुपारी मला आजही हव्याशा वाटतात.

सासूबाईंनी आयुष्यभर शिलाई केली होती. तिचा हिवाळी कोट अंगाला ढगळ होत होता. सासूबाईंनी तिला उभं केलं, खडूने खुणा केल्या, आणि हातानेच तो उसवून बसता करून दिला. तेव्हाच केव्हातरी त्यांनी तिला विचारलं, "पगार कोन देते तुले?"

पगार हा शब्दही तिचाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तिने जिन्याकडे बोट दाखवलं, एक टोपी काढल्यासारखा हात केला, आणि खांदे उडवले.

सासूबाईंनी सुई खाली ठेवली नाही. ती गेल्यावर मी सारवासारव करायला लागले, तर म्हणाल्या, "मले काय समजत नाही का? आमच्या गावी कापसाच्या जिनिंगच्या मांगं वस्ती होती. तिथच्या बाया पोलके शिवाले माह्याकडंच येत. बाकीचे शिंपी दारात उभं करत नव्हते. त्याईचे मापं म्याच घेतले. तुह्या सासऱ्याले बी माहीत होतं." मग सुईत दोरा ओवत, "पोरगा घाबरते. त्याले नको सांगू मले समजलं म्हनून."

म्हणजे मुलाने आईपासून लपवलं, आईने मुलापासून, आणि मी मध्ये.

ते झालं एका दुपारी. सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या, मी वाचत होते. समोरच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग तिचं ओरडणं, आणि मध्येच तोंड दाबल्यासारखं तुटलं. मी उठेपर्यंत सासूबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. मी "आई, थांबा" म्हणत मागे धावले. त्यांनी समोरचं दार दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली आणि असा आवाज काढला की तसा मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता. "कोन हाय रे आत? निघ भायेर! पोरीले हात लावशीन तं हात मोडून देईन!"

आत शांतता झाली. मग दार उघडलं आणि दोन तरुण बाहेर आले. चेहरे अर्धे झाकलेले. एकाच्या हातात तिचा फोन आणि पर्स. नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाईकडे बघून तो क्षणभर थांबला. सासूबाई हलल्या नाहीत. दोघे त्यांच्या कडेने अंग चोरून जिना उतरून पळाले.

ती जमिनीवर बसली होती. ओठ फुटला होता, मनगटावर वळ. सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं आणि "माय व, माय व" एवढंच म्हणत राहिल्या. मी फोन उचलला. "गार्डना बोलावते." इथे पोलिसांना गार्ड म्हणतात.

"नको!" तिने माझा हात धरला. "ते विचारतील ही माणसं आत कशी आली. मग माझं कार्ड विचारतील. त्या दोघांना हे माहीत होतं, म्हणून तर ते आले. आमच्यातली कोणी तक्रार करत नाही."

"मी बसतो इच्याजवळ रोज," सासूबाई म्हणाल्या. मी ते तिला सांगितलं. फुटलेल्या ओठाने ती हसली आणि तिला रडू फुटलं. "मग गार्ड विचारतील ही दुसरी बाई कोण. म्हणतील, दोघी मिळून धंदा करतात."

त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा आवाज चढले. नवरा म्हणाला, "साक्षीदार म्हणून तुझं नाव जाईल. उद्या कार्ड वाढवायला गेलो आणि त्यांनी काही काढलं तर?" त्याची भीती खोटी नव्हती. परदेशात माणूस कार्डाएवढाच असतो असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मी म्हटलं, "मी जिन्यात जे बघितलं तेच सांगणार. त्यात माझं काय चुकलं?" तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. "मी बी सांगतो. मी तं परत चाललो, मले काय करतीन?" आईला सगळं ठाऊक होतं हे नवऱ्याला तेव्हा कळलं.

तिला तयार करायला बरेच दिवस लागले. आधी मी तिच्याबरोबर लिमरिकला गेले. तिथे अशा बायकांना आरोग्याची आणि कायद्याची मदत करणारं एक केंद्र होतं. पांढऱ्या केसांच्या एका आयरिश बाईंनी आम्हाला बिस्किटं पुढे केली आणि शांतपणे सगळं ऐकलं.

तिने विचारलं, "मला या कामाचं परमिट मिळू शकतं का? मी कर भरेन. सगळं सांगून करेन."

बाई म्हणाल्या, "परमिट मिळायला नोकरी देणारा कोणीतरी लागतो. आणि या कामात नोकरी देणारा कोणी असूच नये असं कायदा म्हणतो. त्यामुळे असं परमिट असूच शकत नाही, माझ्या बाळा."

"आणि भाषेचे कोर्स संपल्यावर?"

"ते ठरावीकच करता येतात. नंतर दुसरा रस्ता शोधावा लागेल. ज्या कामांना परमिट मिळतं अशी नोकरी, नाहीतर परत जाणं."

"मी तक्रार केली तर कार्डाला धोका आहे?"

बाईंनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. "नसावा. चांगले गार्ड तुझा ओठ बघतील, कार्ड नाही. पण मी तुला शब्द देऊ शकत नाही. खोटा दिलासा देणार नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गाई, दगडी कुंपणं, पुन्हा गाई. एनिसची पाटी दिसल्यावर म्हणाली, "तिने शब्द दिला असता तर मी गेले नसते. दिला नाही, म्हणून जाते."

आम्ही तिघी गार्ड स्टेशनवर गेलो. सासूबाईंनी काठाची साडी नेसली होती. एका तरुण गार्ड मुलीने जबानी घेतली. सासूबाई वऱ्हाडीत सांगत होत्या, मी इंग्रजीत, आणि ती मुलगी लिहिता लिहिता मध्येच थांबून म्हणाली, "या आजी एकट्या दारात उभ्या राहिल्या?" तिने कार्ड मागितलं, बघितलं, परत दिलं. त्यावर एक शब्द बोलली नाही. दोन्ही तरुण काही दिवसांतच सापडले. दुसऱ्या गावातही त्यांनी हेच केलं होतं. जबानीच्या दिवशी स्टेशनबाहेर आल्यावर ती इतक्या मोठ्याने हसली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

ते हसू टिकलं नाही. गाव लहान, आणि जिन्यात झालेला आरडाओरडा खालच्या रस्त्याने ऐकला होता. आठवड्याभरात घरमालकाचा एजंट आला. वाईट माणूस नव्हता. माझ्याशी बोलताना बिचारा बुटांकडेच बघत होता. "माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण आता मला माहीत आहे, आणि माहीत असून घर दिलं तर मीच गुन्हेगार." तिला घर सोडावं लागलं. चोरांना पकडून देण्याची ही किंमत तिच्या वाट्याला आली, आणि यात एकानेही कायदा मोडला नव्हता.

ती आमच्याकडे राहायला आली. बोलावलं नवऱ्याने. सोफ्यावरचा त्याचा लॅपटॉप उचलून त्याने स्वतः तिथे अंथरूण घातलं आणि म्हणाला, "इमर्शनचं बटण कुठे आहे ते दाखवू का?" इथे पाणी तापवायच्या बटणाला तसं म्हणतात. त्याच्यावरचा माझा होता तेवढा राग तिथेच संपला.

ते काही आठवडे आम्ही चौघं त्या दोन खोल्यांत होतो. आंघोळीसाठी नंबर लागायचे. ती माझे केस कापायची, मग नवऱ्याचे, मग एक दिवस सासूबाईंनीही टोकं कापून घेतली. सासूबाई तिला घट्ट पिठलं करायला शिकवायच्या, ती त्यात चीज घालायची, सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. तिने काम बंद केलं होतं. दिवसभर इकडेतिकडे फोन करायची. शेवटी ओळखीतून एका मांसाच्या कारखान्यात नोकरी ठरली. अशा कारखान्यांना माणसं मिळत नव्हती, म्हणून परदेशी कामगारांना परमिट द्यायला सुरुवात झाली होती. फक्त अर्ज बाहेरूनच करायचा, म्हणजे आधी ब्राझीलला जायचं.

सासूबाई आणि ती एकाच आठवड्यात गेल्या. निरोप घेताना सासूबाईंनी तिला स्वतः शिवलेलं पोलकं दिलं. माप घ्यायची गरज पडली नव्हती. ती गेल्यावर मी प्रेस आवरायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं.

ती परत आली, पण एनिसला नाही. कारखाना दूरच्या गावात होता. थंडगार हॉलमध्ये उभं राहून मांस कापायचं. फोनवर तिचा आवाज दमलेला असायचा. एकदा म्हणाली, "आधी एखादा माणूस आवडला नाही तर मी दार उघडायची नाही. आता माझ्या परमिटवर एकाच मालकाचं नाव आहे. तो कसाही वागला तरी मला दार बंद करता येत नाही." तिला उत्तर नको होतं. ती बोलत होती आणि मी ऐकत होते.

दरम्यान आमचा नियम बदलला. नवऱ्याच्या परमिटवर आलेल्या बायकांना काम करता येऊ लागलं. मला लॅबमध्ये नोकरी मिळाली, आम्ही डब्लिनजवळच्या टॅलाला आलो, मुलगी झाली. पुढे म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांनाही परमिट मिळू लागलं तेव्हा तिने कारखाना सोडला आणि किलकेनीजवळच्या एका वृद्धाश्रमात लागली. सासूबाई वारल्या तेव्हा मी पहिला फोन तिला केला. ती बराच वेळ आपल्या भाषेत बोलत राहिली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं.

मागच्या वर्षी तिला खुलं कार्ड मिळालं. त्यावर मालकाचं नाव नसतं, तासांची अट नसते. तिने आम्हाला किलकेनीला जेवायला बोलावलं. जेवताना मी विचारलं, "आता तुला काय काय करता येतं?"

"सगळं. स्वतःचा धंदासुद्धा." मग डोळे बारीक करून म्हणाली, "तोसुद्धा. कार्डाच्या ऑफिसात विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं."

"मग?"

"आता पाठ दुखते गं," ती म्हणाली आणि तेच जुनं हसू हसली.

तिने गावातल्या एका छोट्या जागेसाठी बोलणी चालवली आहेत. केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, सुरुवातीला तेवढंच. आठवड्यातले दोन दिवस वृद्धाश्रमही सोडणार नाही म्हणते, तिथल्या म्हाताऱ्या तिच्याशिवाय कोणाला केसांना हात लावू देत नाहीत.

जेवण झाल्यावर आम्ही नदीकाठाने किल्ल्यापर्यंत चालत गेलो. मुलगी तिचा हात धरून पुढे उड्या मारत होती. माझी मुलगी मी मराठीत विचारलं की इथल्या वळणाच्या इंग्रजीत उत्तर देते. ही बाईही आता तसंच बोलते, वाक्याच्या शेवटी आवाज वर नेऊन, प्रत्येक गोष्टीला ग्रँड म्हणत. दोघी मागून ऐकल्या तर याच गावच्या वाटतात. मुलीने तिला काहीतरी विचारलं. तिने वाकून तिच्या बटा कपाळावरून मागे सारल्या, दोन बोटांत धरून लांबी पाहिली, आणि मागे वळून मला ओरडून म्हणाली, "हिचे केस कोण कापतं? किती वाकडे कापलेत!"

"मीच," मी म्हटलं.

"उद्यापासून नाही," ती म्हणाली.